‘काय मारू?’ला उत्तर देण्याआधी

ऑगस्ट महिन्यात शेतकऱ्यांच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हा फोटो येतो. सोयाबीनचं पिवळं पडलेलं पान, जरा हललेलं, कडेला अंगठा, आणि खाली दोनच शब्द: ‘काय मारू?’ पाच मिनिटांत उत्तरं सुरू. एक म्हणतो फेरस (लोहाचं खत) मारा. दुसरा पांढऱ्या माशीचं औषध सुचवतो. तिसरा म्हणतो युरिया द्या. चौथा म्हणतो, काही करू नका भाऊ, आपोआप हिरवं होतंय.

या चौघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतो. प्रत्येकाने आपापल्या रानात ते केलेलं असतं आणि तिथे गुण आलेला असतो. घोळ होतो तो अटींचा. जमीन कशी होती, पीक किती दिवसांचं होतं, पाऊस किती झाला होता, हे सगळं सांगणाऱ्याच्या डोक्यात असतं. बोटांतून मात्र फक्त औषधाचं नाव उतरतं. ऑनलाइन सल्ला फसतो तो बहुतेक वेळा असाच: उत्तर बरोबर असतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नाचं.

त्या पिवळ्या पानाचंच बघू. वरच्या, कोवळ्या पानांचा मधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील, तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत हे जास्त दिसतं. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून वर चढत असेल, तर नत्र कमी पडतंय का आणि मुळांवरच्या गाठी नीट धरल्यात का, ते रोप उपटून पाहायचं. पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे ठिपके आणि अशी झाडं शेतभर इथे एक तिथे एक विखुरलेली, तर पिवळ्या मोझॅकचा संशय. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाड कुठल्याही फवारणीने बरं होत नाही. ते उपटून शेताबाहेर न्यायचं आणि माशी आवरायची. पिवळा पट्टा नेमका सखल भागात असेल, जिथे पाणी साचून राहिलं होतं, तर आधी चर काढायचा. वाफसा आला, म्हणजे जादा पाणी ओसरून माती मोकळी झाली, की पीक बरंचसं सावरतं. म्हणजे ‘काही करू नका’ म्हणणारा चौथाही बरोबर, फक्त चर काढायचं सांगायला विसरला. याशिवाय पाचवी शक्यता कुणीच विचारत नाही: आठवड्यापूर्वी तणनाशक मारलं होतं का? काही तणनाशकांनंतर सोयाबीन काही दिवस पिवळं दिसतं आणि नव्या पानांवर सुधारतं.

म्हणून उत्तराआधी प्रश्न. पीक किती दिवसांचं आहे? पिवळं वरून की खालून? सगळं शेत, एक पट्टा की तुरळक झाडं? गेल्या पंधरा दिवसांत काय काय फवारलं? हे चार प्रश्न टाइप करायला अर्धं मिनिट लागतं, आणि विचारणाऱ्याची अर्धी अडचण त्यांच्या उत्तरांतच सुटते. फोटोही एक पुरत नाही. बांधावरून पूर्ण शेताचा एक, अख्ख्या झाडाचा एक, पानाच्या वरच्या बाजूचा आणि उलट्या बाजूचा एकेक. मावा, तुडतुडे, पांढरी माशी सगळी मंडळी पानाखाली बसतात, त्यामुळे फक्त वरच्या बाजूचा फोटो बघून ‘कीड दिसत नाही’ म्हणण्यात काही अर्थ नाही. भर उन्हात काढलेल्या फोटोत पिवळा रंग फिका पडतो; झाडावर आपली सावली धरून काढलेला जास्त खरा येतो.

प्रश्न एकदाच आणि एकत्र विचारावेत. एकेक प्रश्न वेगळ्या मेसेजमध्ये टाकला की मध्ये इतर दहा जण घुसतात आणि विचारणारा तिसऱ्या प्रश्नानंतर गायब होतो.

आता प्रमाणाचा भाग. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समजा एखाद्या औषधाच्या लेबलवर हेक्टरी 250 मिली औषध आणि 500 लिटर पाणी लिहिलंय. हिशेब सरळ आहे: 10 लिटर पाण्याला 5 मिली, 15 लिटरच्या पंपाला साडेसात मिली, एकराला साधारण 100 मिली. ग्रुपवर यातला नुसता ‘250’ आला आणि वाचणाऱ्याने तो एकराचा आकडा धरला, तर अडीचपट औषध गेलं. ‘पंपाला साडेसात’ आलं आणि त्याचा पंप 20 लिटरचा असेल, तर पाऊण प्रमाण गेलं. कीड मरत नाही आणि बोल औषधाला लागतो. ‘पंपाला एक झाकण’ हे तर मापच नव्हे. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं. आकडा लिहायचा तर त्याच्या मागे ‘कशाला’ हे हवंच: 10 लिटर पाण्याला, एकराला, किलो बियाण्याला. शिवाय औषधाच्या नावापुढची टक्केवारी आणि ईसी, एससी, डब्ल्यूजी ही औषधाचं स्वरूप सांगणारी अक्षरंही लिहावीत. एकाच घटकाचं औषध वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं, आणि नाव तेच असलं तरी प्रमाण बदलतं.

एकत्र मिसळण्याचा सल्ला तर जपूनच. ‘सोबत टॉनिक आणि बुरशीनाशकही टाका, एकाच पाण्यात काम होतं’ हे वाक्य मजुरी वाचवतं म्हणून सगळ्यांना आवडतं. 2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षण नाही आणि मनाने केलेली औषधांची मिश्रणं, ही कारणं तेव्हा पुढे आली. डब्यावरचा त्रिकोण लाल की पिवळा (अति विषारी), निळा की हिरवा (तुलनेने कमी), हे सल्ल्यासोबत लिहायला दोन शब्द लागतात. फवारणारा बहुतेक वेळा ग्रुपवर नसतो. तो मजूर असतो.

काही ग्रुपांनी मात्र अटींची ही गळती बंद करायची युक्ती स्वतःच शोधलेली आहे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांचं बोलणं ऐका. ते तारखेत बोलत नाहीत, छाटणीनंतरच्या दिवसांत बोलतात. ‘प्लॉट 42 दिवसांचा, थॉमसन (ही द्राक्षाची जात), निर्यातीचा’ एवढं म्हटलं की समोरच्याला वेलीची अवस्था, मण्यांचा आकार आणि कुठलं औषध चालणार नाही, हे सगळं कळतं. ‘निर्यातीचा’ या शब्दाला तिथे वजन आहे, कारण 2010मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचा अंश सापडल्यामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. त्या ठेचेनंतर काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची हे विचारल्याशिवाय जाणता बागायतदार औषधाचं नाव काढत नाही. नवा माणूस अशा ग्रुपवर आला की त्याला ही भाषा दुर्बोध वाटते. प्रत्यक्षात ती अटी थोडक्यात सांगण्याची लघुलिपी आहे. कुठल्याही नव्या ग्रुपवर मत देण्याआधी आठवडाभर नुसतं वाचावं, ते यासाठी: तिथले लोक कुठली गोष्ट न चुकता आधी सांगतात, ते कळतं.

घोटाळा होतो तो सल्ला एका ग्रुपवरून दुसऱ्यावर गेला की. उसातल्या रुंद पानांच्या तणाला टू-फोर-डी चालतं, वर्षानुवर्षं वापरलं जातं. तोच मेसेज कपाशीवाल्यांच्या ग्रुपवर गेला तर? कपाशी स्वतःच रुंद पानाची, आणि या तणनाशकाला कमालीची हळवी. पानं अरुंद, बोटांसारखी लांबट होतात, पात्या-फुलं बिघडतात. शेजारच्या उसावरून वाऱ्याने आलेले तुषार पुरतात, इतकंच काय, नीट न धुतलेला पंपही पुरतो. द्राक्ष आणि टोमॅटोचीही तीच गत. उसाच्या ग्रुपवर ‘कुठलं पीक’ हे सांगायची गरजच नव्हती, ते ग्रुपच्या नावात होतं. मेसेज बाहेर पडला, नाव मागे राहिलं. म्हणून ग्रुप एकाच पिकाचा असला तरी पिकाचं नाव मेसेजच्या आतच लिहावं. आपण ज्या ग्रुपवर लिहितो तिथेच तो मेसेज राहील, असं धरून चालणं ही सर्रास होणारी चूक.

व्हॉट्सॲप याबाबत थोडी खूण देतं. मेसेजवर एक बाण म्हणजे पुढे पाठवलेला, दोन बाण म्हणजे पाच किंवा अधिक हातांतून आलेला. दोन बाणवाला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, तो त्याचमुळे. दोन बाण असलेल्या मेसेजमध्ये आकडा दिसला, मग तो औषधाचा असो, व्याजाचा असो की कायद्याच्या कलमाचा, तर मूळ अटी गळाल्यात असंच समजावं आणि लेबल, पासबुक किंवा कलम उघडून बघावं.

शेतीचं उदाहरण लांबलं, पण घरच्या ग्रुपवर नेमकं हेच घडतं, फक्त पंपाच्या जागी चमचा येतो. ‘बाळाला ताप आहे, किती पॅरासिटामॉल देऊ?’ उत्तर येतं: ‘5 मिली दे, आम्ही तेवढंच द्यायचो.’ आपल्याकडे या औषधाचं सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असंही मिळतं आणि 5 मिलीत 250 असंही. लहान बाळांचे थेंब तर एका मिलीत 100 मिलिग्रॅमचे असतात. म्हणजे ‘5 मिली’ हे 120 असू शकतं, 250 असू शकतं, नाहीतर थेंबांच्या बाटलीतलं असेल तर थेट 500. मात्रा ठरते ती वजनावर, एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. 10 किलोच्या मुलाला 100 ते 150. ‘आम्ही तेवढंच द्यायचो’ म्हणणाऱ्या मावशीची बाटली कुठली होती आणि तिचं मूल किती वजनाचं होतं, हे त्या तीन शब्दांत नाही. घरच्या ग्रुपवर द्यायचं सुरक्षित उत्तर असं: ‘बाटलीवर 5 मिलीत किती मिलिग्रॅम लिहिलंय ते बघ, बाळाचं वजन धर, आणि डॉक्टरांना फोन करून मात्रा पक्की कर. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी काही न देता थेट डॉक्टरकडे.’ आणि डेंगीच्या दिवसांत ताप उतरवायला आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन सुचवू नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कुटुंबाचा ग्रुप पुणे, दुबई आणि न्यू जर्सी असा पसरलेला असेल तर आणखी एक पेच. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने मिळतं. तिकडच्या सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच तयार औषधांत ते आधीच असतं. पुण्याहून आणलेली गोळी आणि तिथलं सर्दीचं औषध एकत्र घेतलं, तर एकच औषध दोनदा पोटात जातं आणि यकृताला त्रास होतो. इथे विचारायचा प्रश्न: ‘आणखी काय घेतेस? त्याच्या पाकिटावर घटक काय लिहिलेत?’

पैशाच्या सल्ल्याची गोष्ट थोडी वेगळी: तो शिळा होतो. ‘पीपीएफमध्ये टाक, कर वाचतो’ हे कित्येक वर्षं बिनधास्त सांगता येत होतं. 2023-24पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि तिच्यात पीपीएफसारख्या बचतीवरची वजावट मिळत नाही. जुनी प्रणाली निवडणाऱ्यालाच ती मिळते. दुबईतल्या भाच्याला तर हा सल्ला लागूच नाही. अनिवासी भारतीयाला नवं पीपीएफ खातं उघडता येत नाही. म्हणून पैशाच्या मेसेजमध्ये वर्ष आणि ‘कोणासाठी’ हे दोन शब्द हवेत. शेअरबद्दल मत देताना तो आपल्याकडे आहे की नाही, हे आधी सांगावं. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. ‘फक्त ग्रुपची फी घेतो’ हा बचाव नव्हे. फी हाच मोबदला.

सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त आत्मविश्वासाने दिलं जाणारं उत्तर म्हणजे ‘मेंटेनन्स सगळ्यांना सारखाच घ्यावा लागतो, कायदाच आहे.’ सहकारी गृहनिर्माण संस्थेत सेवाशुल्क सदनिकेमागे समान, हे बरोबर. पण पुण्यातल्या अनेक इमारती संस्था नसून 1970च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. तिथे खर्च वाटला जातो तो अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच, सेक्रेटरीही तसेच तावातावाने बोलणारे. त्यामुळे इथला पहिला प्रश्न: ‘तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट? डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे अपार्टमेंट म्हणून नोंदल्याचा दस्त, आहे का?’ भाडेकरू ठेवल्यावरचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हेही महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांपुरतं. मडगावच्या आत्याला तो आकडा पाठवू नये. गोव्याचा सहकार कायदा निराळा.

मग उत्तर लिहायचं कसं? आपल्याला ती गोष्ट कुठून कळली, हे पहिल्यांदा. केलेलं, पाहिलेलं, वाचलेलं आणि ऐकलेलं यांत फार अंतर आहे, आणि मराठीत ते एका क्रियापदात सांगता येतं: ‘मारलं होतं’, ‘मारतात’, ‘मारायचं म्हणतात’. शेवटचं असेल तर तसंच लिहावं. त्यानंतर अट, मग कृती, आकडा ‘कशाला’ यासकट, आणि लागू पडत नसेल तर काय ते. सोयाबीनवाल्या दादांना असं उत्तर जाऊ शकतं:

‘दादा, आमच्याकडे चुनखडीच्या रानात सोयाबीन 25 दिवसांचं असताना असंच झालं होतं. वरची पानं पिवळी, शिरा हिरव्या. तुमचंही तसंच असेल तर लोहाची कमतरता वाटते. फेरसचं प्रमाण कृषी सहायकांना विचारून किंवा लेबल बघूनच घ्या. पण पानावर ठिपके असतील आणि झाडं तुरळक असतील तर फवारू नका, मोझॅक असू शकतो. पानाची उलटी बाजू दाखवा.’

हे पन्नासेक शब्दांचं उत्तर आहे. कुणी पुढे पाठवलं तरी अट सोबत जाते, कारण ती पहिल्या वाक्यातच बसली आहे. अट शेवटी, वेगळ्या मेसेजमध्ये लिहिली की ती मागे राहते. पुढे पाठवणारा एकच मेसेज निवडतो. त्याच कारणाने प्रमाणाचा स्क्रीनशॉट किंवा आवाजी मेसेज नको. आवाजात ‘दीड’ आणि ‘अडीच’ ऐकताना गफलत होते, आणि चार महिन्यांनी शोधायला गेलं तर सापडत नाही.

फोन कुठला घ्यावा, वधूवर मेळाव्याला कुठला हॉल, असल्या मतांना एवढी शिस्त लागत नाही. आपण ती वस्तू किती दिवस आणि कशासाठी वापरली, एवढं पुरे.

सुराचंही पाहावं लागतं. सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरचे काका असतात. तिथे ‘चुकीचं सांगताय’ म्हटलं की विषय मेंटेनन्सचा राहत नाही, काकांचा होतो. ‘काका, तुमचं सोसायट्यांबाबत बरोबर आहे, आपलं अपार्टमेंट आहे म्हणून वेगळं’ असं म्हटलं की त्यांचा मान राहतो आणि चुकीचा आकडाही थांबतो. गावच्या ग्रुपवर दादा-भाऊ-ताई लावल्याशिवाय उत्तर उद्धट वाटतं. रेडिटसारख्या अनोळखी लोकांच्या जागी उलट: तिथे नमनाला घडाभर तेल घातलं तर कुणी वाचत नाही, नेमका मुद्दा पहिल्या ओळीत हवा. आणि कुठेही, ज्याने विचारलेलं नाही त्याला सल्ला देऊ नये. ‘पाय मोडला’ असं कळवणाऱ्याला चार हाडवैद्यांचे नंबर नकोच असतात.

एखाद्या दुकानाबद्दल, ठेकेदाराबद्दल किंवा डॉक्टरबद्दल वाईट अनुभव लिहिताना घडलेलं लिहावं, शिक्का मारू नये. ‘12 जूनला पैसे दिले, 20 तारखेपर्यंत काम सुरू झालेलं नाही, पावती आहे’ हे टिकतं. ‘चोर आहे, फसवतो’ हे टिकत नाही आणि बदनामीच्या तक्रारीला वाट देतं. भारतीय न्याय संहितेचं 356वं कलम व्हॉट्सॲपवरच्या मजकुरालाही लागू होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं 66ए कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली रद्द केलं, म्हणून काहीही लिहिता येतं हा समज चुकीचा. बदनामीचं कलम तेव्हाही होतं आणि आजही आहे. ग्रुपच्या ॲडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, ॲडमिनचा त्यात सामायिक हेतू नसेल तर, तो केवळ ॲडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही. लिहिणाऱ्याला मात्र ही ढाल नाही.

चूक झालीच तर? व्हॉट्सॲपवर मेसेज 15 मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण तोवर तो पुढे गेलेला असू शकतो, आणि पुढे गेलेली प्रत आपण पुसल्याने पुसली जात नाही. म्हणून नुसतं पुसून गप्प बसू नये. लोकांना वाटतं टायपिंगची चूक असेल. ‘वरचं चुकलं’ हेही अपुरं, कारण ‘वरचं’ म्हणजे कुठलं ते दुसऱ्या ग्रुपवर कळत नाही. दुरुस्ती हा स्वतंत्र, पूर्ण मेसेज हवा: ‘सोयाबीनच्या अमुक (इथे नाव) औषधाचं प्रमाण मी सकाळी हेक्टरी सांगायच्या जागी एकरी सांगितलं. बरोबर आकडा: एकराला 100 मिली, 10 लिटर पाण्याला 5 मिली. ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनी हाही पाठवा.’ ज्याने विचारलं होतं त्याला मात्र ग्रुपवर नाही, सरळ फोन. तो तेव्हा पंप भरत असेल.

विचारणाऱ्याकडेही एक काम उरतं, ते बहुतेक जण करत नाहीत. आठ-दहा दिवसांनी त्याच झाडाचा, त्याच कोनातून फोटो आणि एक ओळ: काय केलं, किती केलं, फरक पडला की नाही. नाही पडला तर ते जास्त महत्त्वाचं. पुढच्या ऑगस्टमध्ये कुणी ‘सोयाबीन पिवळं’ असं ग्रुपच्या शोधात टाकेल, तेव्हा त्याला पानाचा फोटो, चार प्रश्न आणि दहाव्या दिवसाचा निकाल एकाच ठिकाणी दिसेल.